सत्तर सेंटचं देणं

विल्यम फॉकनरच्या ‘इन्ट्रूडर इन द डस्ट’ या कादंबरीच्या अखेरच्या पानांवर एक म्हातारा कृष्णवर्णीय शेतकरी गोऱ्या वकिलाच्या कचेरीत उभा आहे. शनिवार आहे, खेड्यापाड्यांतली माणसं गावात येण्याचा दिवस. गेल्याच आठवड्यात गोऱ्यांचा जमाव या माणसाला तुरुंगातून ओढून काढून जिवंत जाळण्याच्या बेतात होता. आता तो निर्दोष सुटला आहे आणि वकिलाची फी चुकती करायला आला आहे. वकील म्हणतो, मी तुझ्यासाठी काही केलंच नाही, फी कसली घेऊ? म्हातारा हटत नाही. शेवटी काहीतरी खर्च दाखवायचा म्हणून वकील आपल्या फाउंटन पेनच्या मोडलेल्या निबाचे दोन डॉलर सांगतो. म्हातारा पैसे मोजतो. एक चुरगळलेली नोट, थोडी खुर्दा नाणी, आणि राहिलेल्या पन्नास सेंटच्या सुट्या पेनी. मोजून झालं तरी तो जागचा हलत नाही. आता कशाची वाट पाहतोस, असं वकील विचारतो. त्याला पावती हवी असते.

या रहस्यकादंबरीत दोन खून आहेत, मध्यरात्री उकरलेली कबर आहे, बदललेलं प्रेत आहे, खुनी कोण हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही मिळतं. तरीही पुस्तक पावतीपाशी येऊन थांबतं, आणि मला वाटतं तिथंच त्याची किल्ली आहे. खुनाचा तपास ही या कादंबरीची वरची गोष्ट. आतली गोष्ट एका मुलाच्या अंगावर चढलेल्या आणि काही केल्या न फिटणाऱ्या देण्याची आहे. ते देणं चार वर्षं त्याला छळतं, आणि त्याच्याच ओझ्याखाली तो मोठा होतो.

कादंबरी 1948 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. ती घडते मिसिसिपी राज्यातल्या जेफर्सन गावात. हे गाव नकाशावर सापडणार नाही. फॉकनरनं आपल्या अनेक पुस्तकांसाठी योक्नापाटॉफा नावाचा एक आख्खा परगणा कल्पनेतून वसवला, त्याचं हे मुख्य ठाणं. पण चौक, चौकाच्या मधोमध कोर्टाची इमारत, भोवतीची दुकानं, पलीकडचा तुरुंग हे सगळं तो ज्या ऑक्सफर्ड गावात राहत होता तिथलंच आहे. 1940 मध्येच त्यानं प्रकाशकाला एका रहस्यकथेची कल्पना पत्रातून कळवली होती. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात पडलेला, जमाव केव्हा येईल याची वाट पाहणारा एक कृष्णवर्णीय माणूस, आणि त्या खुनाचा उलगडा करणाराही तोच. पुढं रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’ची पटकथा लिहिणाऱ्यांत फॉकनर होता. हा चित्रपट 1946 मध्ये आला. म्हणजे रहस्यकथेची यंत्रणा त्याच्या हातात चांगलीच बसलेली होती. पण 1948 च्या सुरुवातीला तो प्रत्यक्ष लिहायला बसला तेव्हा त्या जुन्या कल्पनेच्या मध्यभागी एक मुलगा येऊन उभा राहिला, आणि कादंबरीचं सगळं वजन त्याच्याकडे गेलं.

चिक मॅलिसन हे त्याचं नाव. खून होतो तेव्हा तो सोळा वर्षांचा आहे. कादंबरी मात्र त्याला नावानं क्वचितच हाक मारते. पहिल्या पानापासून तो नुसता ‘तो’ आहे. रविवारी दुपारी तुरुंगासमोरच्या लोहाराच्या दुकानापाशी उभा राहून तो शेरीफच्या गाडीची वाट पाहतो. ल्यूकस बीचमनं, म्हणजे पावती मागणाऱ्या त्याच म्हाताऱ्यानं, व्हिन्सन गाउरी या गोऱ्या माणसाला पाठीत गोळी घातली, हे आदल्या रात्रीपासून गावाला ठाऊक आहे. आपण इथं का उभे आहोत हे त्या मुलाला स्वतःशीही कबूल करायचं नाही. आणि तिथून कथा चार वर्षं मागे जाते, ती एका गोठलेल्या ओढ्यापाशी.

माझ्या मते ही सुरुवातीची पानं हे पुस्तकाचं सर्वोत्तम लेखन आहे. बारा वर्षांचा चिक कॅरदर्स एडमंड्सच्या मळ्यावर सशांच्या शिकारीला गेलेला असतो. बरोबर त्याच्याच वयाचा, त्यांच्या घरी कामाला असलेल्या बाईचा मुलगा अ‍ॅलेक सँडर आणि मळ्यावरचा आणखी एक कृष्णवर्णीय मुलगा. ओढ्यावर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून जाताना चिकचा पाय सुटतो आणि तो बर्फगार पाण्यात पडतो. धडपडत काठावर येतो तेव्हा त्याला आधी दिसतात ते रबरी बूट. मग पाय, मग खांद्यावरची कुऱ्हाड, मग जाड कोट, रुंद काठाची फिकी हॅट आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. नजर खालून वर चढते. गोऱ्या घरातला मुलगा एका कृष्णवर्णीय माणसाकडे मान उंच करून पाहतो आहे, आणि तो माणूस काहीही न बोलता, हात न देता नुसता पाहतो आहे. पुढच्या सगळ्या कादंबरीत या दोघांमधली ही उंची बदलत नाही.

हा माणूस म्हणजे ल्यूकस. तो चिकला आपल्या घरी चल म्हणतो. ‘म्हणतो’ हा शब्दही इथं सौम्य पडतो. मुलगा एडमंड्सच्या घरी जायचं ठरवत असतो, तसं बोलणारही असतो, पण पाय ल्यूकसच्या मागं चालू लागतात. घरात शेकोटीपुढे त्याचे ओले कपडे काढून वाळत घालतात, त्याला एका गोधडीत गुंडाळतात. त्या गोधडीला एक वास आहे. गोऱ्या घरांतून हा वास ‘त्यांच्या जातीचा’ म्हणून कायमचा धरून चाललेला असतो. चिक त्या वासात बसून पहिल्यांदा विचार करतो, की हा खरोखर रक्ताचा वास आहे, की गरिबीचा, की आंघोळीची सोय नसण्याचा, की आम्हीच त्यांच्यावर लादलेल्या समजुतीचा? फॉकनर हा विचार बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पूर्ण होऊ देत नाही. तो उगवतो, अर्धवट राहतो आणि पुढच्या वाक्यात वाहून जातो. मुलं विचार अशीच करतात.

मग जेवण येतं. पालेभाजी, पिठात घोळून तळलेला डुकराच्या मांसाचा तुकडा, जाडजूड पांढुरक्या बिस्किटरोट्या, ताक. साधं, रोजचं. खाऊन झाल्यावर चिकच्या लक्षात येतं की आपण खाल्लं ते ल्यूकसचं स्वतःचं जेवण होतं. पाहुण्यासाठी वेगळं काही रांधलेलं नव्हतं, आणि घरात दुसरं काही नव्हतंही. कुणाच्या चुलीवरचं कुणी खायचं यावर माणसांची किंमत ठरवण्याची रीत महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. जेवू घालणारा यजमान असतो, जेवणारा पाहुणा, आणि पाहुण्यानं यजमानाचा मान ठेवायचा असतो. त्या घरात ल्यूकस यजमान आहे. चिकला हे कळतं, आणि ते त्याला झेपत नाही.

म्हणून तो खिशात हात घालतो. अर्ध्या डॉलरचं एक नाणं, एक डाइम, दोन निकेल. सत्तर सेंट. तेवढेच त्याच्याकडे असतात. तो हात पुढे करतो, आणि करतानाच त्याला उमजतं की आपलं चुकलं. पण हात मागे घेता येत नाही. ल्यूकस विचारतो, हे कशासाठी? मुलगा मूठ उलटी करतो आणि नाणी जमिनीवर विखुरतात. ल्यूकस वाकत नाही. तो बरोबरच्या दोन मुलांना सांगतो की याचे पैसे उचलून याला परत द्या. ती मुलं चार नाणी वेचून चिकच्या हातावर ठेवतात. बस, एवढंच घडतं. कुणी आवाज चढवत नाही. पुढच्या अडीचशेच्या आसपास पानांत जे काही होतं, त्याचं बी या क्षणात आहे.

फॉकनरनं इथं काय साधलं आहे ते थांबून पाहिलं पाहिजे. मुलानं पैसे पुढे केले ते कंजूषपणानं नव्हे, दुष्टपणानं तर नाहीच. त्याला शिकवलेल्या जगात गोऱ्यानं कृष्णवर्णीयाकडून काही घेतलं तर त्याची किंमत लगेच चुकती करायची असते, म्हणजे नातं उरत नाही. ल्यूकसनं पैसे नाकारले आणि नातं शिल्लक ठेवलं. अपमान झाला तो यजमानाचा, पण लाज चिकला वाटते. ती नाणी मुलाच्या मनात वितळत नाहीत. रात्री डोळे मिटले की ती वाढत वाढत जातात, पार चंद्राएवढी होतात.

मग हिशोब सुरू होतो. नाताळला चिक ल्यूकससाठी चार सिगार आणि त्याच्या बायकोसाठी, मॉलीसाठी, तपकिरीचा डबा पाठवतो. तेवढ्यानं समाधान होत नाही. पैसे साठवून तो मॉलीला एक फुलाफुलांचा, रेशमासारखा दिसणारा पोशाख धाडतो. आता फिटलं असं त्याला वाटतं न वाटतं तोच एक दिवस घरी एक बादली येते, ल्यूकसच्या घरच्या काकवीनं भरलेली. आणि ती घेऊन येतो खेचरावर बसलेला एक गोरा मुलगा! ल्यूकसनं परतफेड केली, आणि तीही गोऱ्या हातांकरवी. चिक पुन्हा जिथल्या तिथं.

एकदा ल्यूकस रस्त्यात समोरून येतो आणि ओळख न दाखवता निघून जातो. चिकला सुटल्यासारखं होतं. तो मला विसरला, आता मी मोकळा. नंतर केव्हातरी कळतं की मॉली वारली होती. ल्यूकसनं त्याला पाहिलंच नव्हतं, कारण तो दुःखात होता. या ठिकाणी मुलाला जो धक्का बसतो त्याच्यासाठी फॉकनरची शांत लेखणी फार मोलाची आहे. चिक थक्क होतो ते या माणसालाही बायको गेल्याचं दुःख असू शकतं, एवढ्या साध्या गोष्टीनं. इतकी वर्षं तो ल्यूकसच्या ताठ मानेकडे, टोपीकडे, सोन्याच्या दातकोरण्याकडे पाहत होता. त्या सगळ्याच्या आत एक विधुर म्हातारा होता, तो त्याला दिसला नव्हता. हा क्षण लक्षात ठेवायचा, कारण त्याची जोडी पुढं येणार आहे.

गावाचा ल्यूकसवर राग का, हेही याच पानांत कळतं. मॅकॅस्लिन नावाच्या जुन्या गोऱ्या जमीनदाराचा तो रक्ताचा नातू. ही वंशकथा फॉकनरनं 1942 च्या ‘गो डाउन, मोझेस’ मध्ये सांगितली आहे. एडमंड्सच्या मळ्याच्या हद्दीतला दहा एकरांचा तुकडा ल्यूकसच्या नावे आहे. तो गोऱ्यांना शिव्या देत नाही, त्यांच्यापुढे वाकतही नाही. एकदा फाट्यावरच्या दुकानात एक गोरा त्याच्या अंगावर धावून जातो, तेव्हा ल्यूकस आल्याची बिस्किटं चघळत राहतो आणि आपण जुन्या, वरच्या घराण्यातले असल्याचं त्याला थंडपणे सांगतो. परगण्याला इतकंच हवं असतं की या माणसानं एकदा, एकदाच, आपली पायरी ओळखावी. खुनाचा आरोप आला तेव्हा ती इच्छा पुरी होण्याची वेळ आली, असं सगळ्यांना वाटतं.

रविवारी तुरुंगाच्या दारात गाडीतून उतरताना ल्यूकस गर्दीतून नेमका चिकला हेरतो आणि फर्मावतो, तुझ्या मामाला सांग, मला भेटायचंय. मामा म्हणजे तोच वकील, गॅव्हिन स्टीव्हन्स. हा हार्वर्डला शिकलेला, बहुश्रुत, मनानं सज्जन माणूस त्या रात्री कोठडीत जातो आणि ल्यूकसचं ऐकून घेण्याआधीच त्याला गुन्हेगार धरून उपदेश करतो. ल्यूकस त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. मामा निघून गेल्यावर मुलगा एकटाच परत येतो. मग ल्यूकस सांगतो, की माझं पिस्तूल पॉइंट एक्केचाळीसचं कोल्ट आहे, आणि व्हिन्सनला गोळी लागली ती एक्केचाळीसची नाही. जाऊन बघ. म्हणजे काय? तर नऊ मैलांवरच्या डोंगराळ, गोऱ्या दांडगटांच्या मुलुखात, गाउरींच्या चॅपलमागच्या दफनभूमीत, आज पुरलेलं गाउरींचं प्रेत आज रात्रीच उकरून पाहायचं.

हार्पर लीचं ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ आपल्याकडे खूप वाचलं गेलं. ते पुस्तक या पुस्तकानंतर बारा वर्षांनी आलं. दक्षिणेतलं छोटं गाव, मूल, वकील, खोट्या आरोपात अडकलेला कृष्णवर्णीय माणूस, ही मांडणी दोन्हीकडे आहे. तिथं वकील नायक आहे आणि आरोपी टॉम रॉबिन्सन दयेचा धनी. इथं वकील नापास होतो. आणि आरोपी दया घेतच नाही. तो कामाला माणूस लावतो, काम सांगतो, मोबदल्याची बोलणी करतो. कोठडीत बसलेला ल्यूकसच तपास चालवतो. माझं मन फॉकनरच्या पुस्तकाकडे झुकतं ते या एका कारणासाठी.

मामाला न पटलेली गोष्ट भाच्याला पटते, असंही नाही. चिकचाही विश्वास बसलेला नाही. तो जातो कारण त्याचं देणं आहे. आणि त्याला साथ मिळते ती दोघांची. एक अ‍ॅलेक सँडर. दुसऱ्या मिस हॅबरशॅम, सत्तरी ओलांडलेल्या, परगण्यातल्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एकातल्या अविवाहित बाई. त्यांच्या रंग उडालेल्या खांबांच्या वाड्यात वीज नाही, नळ नाही. त्या जुन्या पिकअप ट्रकमधून कोंबड्या आणि भाजीपाला विकून राहतात आणि हातमोजे मात्र उंची घालतात. त्या आणि मॉली एकाच आठवड्यात जन्मल्या, मॉलीच्या आईच्या अंगावर दोघी प्यायल्या. म्हणजे बाईंचंही एक देणं आहे, आणि ते पैशात मोजता येणारं नाही. चिक त्यांना सगळं सांगतो तेव्हा त्या एकही शंका काढत नाहीत. माझा ट्रक आहे, एवढंच म्हणतात. अ‍ॅलेक सँडरच्या म्हाताऱ्या आजोबांचं एक सांगणं चिकच्या मनात घोळत असतं. नेहमीच्या वाटेबाहेरचं काही करून घ्यायचं असेल तर बाप्यांच्या नादी लागू नये, बायकांना आणि पोरांना गाठावं. बाप्ये कायदा आणि पुरावा यांत गुंतून पडतात.

अ‍ॅलेक सँडरबद्दल इथंच बोलायला हवं. पकडले गेले असते तर चिकला मार बसला असता, बाईंची बेअब्रू झाली असती. त्या मुलाला मात्र तिथल्या तिथं फासावर चढवलं असतं. ल्यूकसचं त्याच्यावर कसलंच देणं नाही. तरी तो कुरकुरत का होईना, येतो. काळोखात टेकडीवरून उतरणारं खेचर आणि त्यावर आडवं टाकलेलं काहीतरी सर्वांत आधी त्याला जाणवतं, कान आणि डोळे त्याचेच जास्त तीक्ष्ण आहेत. फॉकनर त्याचं धाडस दाखवतो, पण त्याच्या मनात शिरत नाही. चिकच्या एकेका ओशाळलेपणाला तो पानंच्या पानं देतो, आणि या मुलाच्या भीतीला दोनचार ओळी. ही या कादंबरीतली मला सर्वांत खुपणारी उणीव आहे.

कबर उकरतात तर आत व्हिन्सन नसतोच. जेक माँटगोमेरी नावाचा शेजारच्या परगण्यातला लाकडाचा किरकोळ व्यापारी असतो. पहाटे मामाला उठवतात, मग शेरीफ हॅम्प्टनला. दिवसा पुन्हा उकरतात तर कबर रिकामी. तिथून उलगड्याकडे कादंबरी वेगानं जाते आणि मीही वेगानंच सांगतो. व्हिन्सनचा सख्खा भाऊ क्रॉफर्ड भागीदारीतलं लाकूड रात्री चोरून विकत होता. ल्यूकसनं ते पाहिलं. क्रॉफर्डनं भावाला मारलं आणि ल्यूकसला गोवलं. माँटगोमेरीला हे कळलं, म्हणून तोही मेला. रहस्य म्हणून हे फारसं सुबक नाही. प्रेतांची अदलाबदल समजून घ्यायला मागची पानं चाळावी लागतात, आणि शेरीफ व मामा मागाहून सगळं उकलून सांगतात ते कंटाळवाणं होतं. पण या गुंतागुंतीतून फॉकनरला एक दृश्य हवं होतं, आणि ते त्यानं मिळवलं आहे.

व्हिन्सनचा बाप नब गाउरी एका हाताचा, ठेंगणा, धगधगत्या डोळ्यांचा म्हातारा आहे. सारा परगणा त्याच्या कुळाला घाबरून असतो. पुलाखालच्या रुतणाऱ्या वाळूत मुलाचं प्रेत असल्याचं लक्षात येताच हा माणूस मागचापुढचा विचार न करता खाली उडी घेतो. प्रेत वर काढल्यावर तो आपल्या एकाच हातानं मुलाच्या तोंडावरची वाळू पुसू लागतो. चिक पाहत असतो, आणि त्याच्या मनात तेच उमटतं जे ल्यूकसच्या बाबतीत उमटलं होतं. हा दुःखात आहे. जिथं दुःख असेल अशी कधी कल्पनाच केली नव्हती, अशा दोन ठिकाणी त्याला ते दिसलं. एक कृष्णवर्णीय म्हातारा, एक खुनशी म्हणून नाव असलेला गोरा म्हातारा. एकाची बायको, एकाचा मुलगा. पहिल्या वेळी कळायला उशीर झाला होता. या वेळी तो डोळ्यांदेखत ओळखतो. हा मुलगा वयात आला असं मी म्हणतो ते याच ठिकाणी. कबर खणण्याला धाडस लागलं असेल, पण शत्रूच्या तोंडावरचं दुःख वाचता येणं ही त्याहून अवघड गोष्ट आहे, आणि ती त्याला सत्तर सेंटनी शिकवली.

हे सगळं ज्या वाक्यांतून येतं त्यांच्याविषयीही सांगायला हवं, कारण अनेक वाचक तिथंच पुस्तक मिटतात. फॉकनरचं वाक्य पानभर चालतं, कंसात कंस उघडतो, पूर्णविराम येता येत नाही. पण चिक छत्तीस तास जवळजवळ झोपलेला नाही, हे ध्यानात धरून वाचलं की त्या वाक्यांचा अर्थ लागतो. थकलेल्या मेंदूत चार वर्षांपूर्वीची नाणी, कालची कबर, आत्ताची कॉफी एकाच वेळी हजर असतात. एके ठिकाणी चिकच्या घोड्याला पुढं पाऊल टाकायचं नाही, त्याला रुतणाऱ्या वाळूचा वास आलाय, आणि त्याच वाक्यात मुलाला आईची आठवण होते. मला विचाराल तर पहिल्या प्रकरणातलं जेवणाचं दृश्य मोठ्यानं वाचावं. डोळ्यांना न सापडणारा श्वास आवाजाला सापडतो.

सोमवारी चौकात जमाव जमतो. तुरुंगाच्या दारात मिस हॅबरशॅम रफूचं काम मांडीवर घेऊन बसून राहतात. बाईंना ढकलून आत जाणं अजून तरी कुणाला जमत नाही. आणि मग खरा खुनी गाउरीच निघाल्याची कुणकुण लागते, तसा तो जमाव विरून जातो. मोटारी सुरू होतात, चौक रिकामा होतो. चिकला सर्वांत जास्त लागतं ते हे पळणं. मामा समजावतो, त्यांना लाज वाटली, भावानं भावाला मारल्याचं त्यांना पाहवेना. मुलगा एकच घोशा लावतो. ते पळाले. कुणी थांबून त्या म्हाताऱ्यासाठी तंबाखूची पुडी तरी आणायची होती. आपली माणसं निष्कलंक असावीत असं त्याला वाटतं, कारण ती आपली आहेत. परक्यांच्या दोषांवर कुणी इतकं चिडत नाही.

पुस्तकाची दुखरी बाजूही याच भागात आहे. गॅव्हिन मामा बोलू लागतो आणि थांबत नाही. कृष्णवर्णीयांना न्याय दक्षिणेनंच द्यायचा आहे, उत्तरेनं आणि वॉशिंग्टननं मध्ये पडू नये, असा त्याचा सूर. 1948 हे वर्ष आठवलं की हे बोलणं नुसतं पात्राचं राहत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नागरी हक्कांचा प्रश्न हाती घेतला होता. त्यावर चिडलेल्या दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी जुलैत बर्मिंगहॅमला वेगळी चूल मांडली, आणि नोव्हेंबरात मिसिसिपीसह चार राज्यं जिंकली. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार 1882 ते 1968 या काळात मिसिसिपीत जमावानं 581 माणसं मारली. कुठल्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. त्या राज्यात बसून ‘आमचं आम्ही पाहू’ म्हणणं म्हणजे मारल्या जाणाऱ्यांना थांबायला सांगणं होतं. एडमंड विल्सननं ‘न्यू यॉर्कर’मध्ये या पुस्तकावर कठोर टीका केली. मिसिसिपीचीच लेखिका युडोरा वेल्टी तिला उत्तर द्यायला पुढं आली. मला विल्सनची तक्रार मामाच्या भाषणांपुरती पटते. पण कादंबरीनं मामाला आधीच उघडं पाडलं आहे. कोठडीत ज्यानं ऐकलं नाही, तोच पुढं न्यायाविषयी सर्वांत जास्त बोलतो. हे विसरून त्याची भाषणं लेखकाची म्हणून वाचली, तर ल्यूकसनं त्याच्यासमोर धरलेलं मौन वाया जातं.

1949 मध्ये क्लॅरन्स ब्राउननं यावर चित्रपट काढला, तोही ऑक्सफर्डमध्येच. जमावातली माणसं म्हणून गावचेच रहिवासी कॅमेऱ्यापुढं उभे राहिले. ल्यूकसची भूमिका केली पोर्तो रिकोत जन्मलेल्या हुआनो हर्नांडेझनं. गोऱ्या कलाकारांबरोबर त्याला उतरता येईना, म्हणून तो गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे राहिला. कादंबरीकार राल्फ एलिसननं त्या काळच्या वर्णभेदावरच्या चित्रपटांची झाडाझडती घेताना एवढा एकच हार्लेममधल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर नको तिथं हशा न पिकता चालेल, असा निर्वाळा दिला. हर्नांडेझ पडद्यावर फारसं काही करत नाही. तो सरळ उभा राहतो आणि समोरच्याला बोलू देतो. ज्यांना पुस्तकाची वाक्यं जड जातात त्यांनी आधी हा ल्यूकस पाहावा आणि मग पहिल्या प्रकरणाकडे यावं.

तेरा वर्षांनी, 30 सप्टेंबर 1962 च्या रात्री, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून त्याच ऑक्सफर्डमध्ये दंगल पेटली. दोन माणसं मेली. शांतता राखायला केंद्र सरकारचं सैन्य आणावं लागलं, म्हणजे मामाला जे नको होतं नेमकं तेच झालं. फॉकनर त्याच वर्षी 6 जुलैला वारला होता. 1948 मध्ये सोळा वर्षांचा असलेला चिक मॅलिसन त्या रात्री तिशीचा असता. या वेळी जमाव पळाला नाही. मेरेडिथनं दुसऱ्या दिवशी सकाळी नाव नोंदवलं आणि तो वर्गात जाऊन बसला.